यात तू नायस

जुलैतल्या त्या रविवारी महाडात पाऊस उघडला होता, म्हणून आप्पांनी दुकान उघडलं. मी पुण्याहून आदल्या दिवशी आले होते आणि सोमवारी परत जाणार होते. काउंटरच्या आत स्टुलावर बसून मी चहा पीत होते, आणि आप्पा ठमाकाकीचं मेमरी कार्ड भरत होते.

ठमाकाकी नात्याने आप्पांची चुलती. ती वरकोंडात राहायची. उमरठच्या पुढे कुठेतरी गाडीरस्ता संपतो, तिथून चढत गेलं की डोंगराच्या पोटाशी थोडी घरं लागायची, तो वरकोंड. त्यातलं एक घर आमचं, बहुतेक वेळ कुलूप लावलेलं. काकी डोळे तपासायला खाली आली होती. वर रेंज नाही, त्यामुळे तिच्यासारखी माणसं बाजाराला आली की आप्पांकडे कार्ड देऊन जात. भजनं, खालूबाजा, एखादा जुना पिक्चर. आप्पांनी आधी कॅसेटी विकल्या, मग सीड्या, आणि शेवटी हा कार्ड भरून द्यायचा धंदा. शहरात गाणं नळासारखं येतं, डोंगरात अजून ते भरून न्यावं लागतं, असं ते म्हणायचे.

"मागल्या टायमाला तू भरलेला पिक्चर अर्ध्यात तुटला रे," काकी म्हणाली. "नवरी मांडवात उभी, ती उभीच."

"बरं झालं की. पुढं तिचा नवरा मरतो."

"मरू दे. मला कळू तरी दे."

आप्पा हसले आणि तोच पिक्चर पुन्हा टाकायला लागले. काकी फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होती. मग म्हणाली की घरामागचा झरा बंद झालाय. भर पावसात. आणि गुरं गोठ्यात बसत नाहीत, रात्रभर उभी असतात.

"वरच्या अंगाला कुणी पाइप टाकला आसंल," आप्पा म्हणाले.

"कोन टाकनार? वर माणूस हाय कोन?"

"काकी, तुमचा डोंगर काय पाण्यात बुडनार नाय. आमचं बघ." त्यांनी मान वर करून भिंत दाखवली. दोन हजार एकवीसच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ती रेघ त्यांनी ऑइलपेंटने मारून ठेवली होती. सगळ्यात वरच्या फळीच्याही वर, छताला लागून. गिऱ्हाईक उंच असो की ठेंगणं, तिच्याकडे बघताना मान वाकडी करावीच लागे.

महाडच्या माणसाचं सगळं शहाणपण पाण्याभोवती फिरतं. घर घेताना, कपाट मांडताना, धान्य भरताना तो आधी विचारतो, इथवर पाणी येतं का. नाही म्हटलं की त्याची काळजी संपते. आप्पा जन्माने डोंगरातले, पण बाजारपेठेत इतकी वर्षं काढून तेही तसेच झाले होते. काकीने झऱ्याचं सांगितलं तेव्हा मीही तिथेच होते, आणि माझ्याही मनात हेच आलं की वर आहे, म्हणजे बरं आहे.

दुपारी काकी आमच्या घरी जेवून आडवी झाली. मी आणि आप्पा पुढच्या खोलीत बसलो होतो. मी फोन काढला आणि म्हटलं, तुम्ही अजून ऐकलंच नाहीत मी काय करून ठेवलंय ते.

मी लहान होते तेव्हा आप्पा मुंबईला एका छापखान्यात होते. आई आणि मी वरकोंडात. तेव्हा पत्रं लिहिणारे कमी आणि वाचणारे त्याहून कमी, म्हणून वाडीत बोलकी कॅसेट पाठवायची पद्धत होती. मुंबईला निघालेल्या माणसाच्या पिशवीत ती जायची, आणि परत येणाऱ्याच्या पिशवीतून उत्तर यायचं. टेपभोवती सगळं घर बसे. बोलायच्या आधी ज्याने त्याने आपलं नाव सांगायचं, मग ऐकणारा सख्खा नवरा का असेना. आई म्हणायची, मी तुळसा बोलते. मी गोमाजी बोलतो. नाव सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, कारण यंत्रातून आलेला आवाज कुणाचाही असू शकतो, असं जुनी माणसं मानत.

ऐकून झालं की लोक त्याच कॅसेटवर पुन्हा बोलत आणि आधीचं पुसून जाई. आप्पांना ते बघवायचं नाही. मुंबईत वाडीतली माणसं मिळून राहत त्या खोलीवर टेप त्यांचा होता, त्यामुळे सगळ्यांच्या कॅसेटी त्यांच्या हातातून जात. ते पदरच्या कोऱ्या कॅसेटी देऊन बोललेल्या ठेवून घ्यायचे आणि प्रत्येकीच्या वरच्या कडेचा तो छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकायचे. तो मोडला की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही.

एकवीसच्या पुराने दुकानातला सगळा माल चिखल करून टाकला. घरातल्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक तेवढी थोडक्यात वाचली. त्यात या कॅसेटी होत्या. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि आप्पांच्या नावाने, आप्पांच्याच मोबाइल नंबरवर खातं उघडून इंटरनेटवर चढवून दिल्या, कॉम्प्युटरवरच्या पुसून टाकल्या. आता कितीही पाणी आलं तरी काही होत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्याच आठवड्यात ट्रंक उचलून वरकोंडच्या घरात नेऊन ठेवली. दोघांनीही आपापल्या समजुतीने आवाज पाण्याच्या वर नेले होते.

त्या दुपारी मी फोनवर आईची कॅसेट लावली. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिचा आवाज स्वच्छ आला, मी सळसळ काढून टाकली होती. भाताचं, पाडसाचं, छपराच्या गळतीचं सांगून झाल्यावर ती म्हणते, "दर्शनाला घेते हितं. बोल गो. म्हन, आप्पा, घरी ये." आणि लगेच, "नाय बोलत. लाजते."

ही गोष्ट आमच्या घरातला जुना विनोद होता. मी आप्पांशी टेपवर एकदाही बोलले नाही. ते नोकरी सोडून महाडला आले, दुकान टाकलं, आम्हाला खाली आणलं, तेव्हापासून कुणासमोरही म्हणायचे, पोरीने बोलावलं नाही तरी मी आलो. मी मोठी झाले, खूप पुस्तकं वाचली, कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, आणि तरी आप्पांशी माझं बोलणं छत्री, औषध, गाडीची वेळ एवढंच राहिलं. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

आप्पांनी फोन हातात घेतला, मागे कसं न्यायचं विचारलं, आणि तेवढा भाग पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा.

"यात तू नायस," ते म्हणाले.

"मी होते कधी त्यात? मी बोललेच नव्हते."

"व्हतीस. ती म्हनते, बोल गो. मग गप्प. लांबच लांब गप्प. मधी कोंबडी वरडते एक. तुझं नाक चोंदलेलं, श्वास आयकू येतो. मग ती म्हनते, नाय बोलत." त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "हितं ती म्हनते बोल, आन लगीच म्हनते लाजते. तिनं तुझी वाट बघितलीच नाय असं वाटतं."

काय झालं ते मला कळलं. कॉम्प्युटरवर घेताना एक पर्याय होता, रिकाम्या जागा काढून टाकायचा. मी त्यावर खूण केली होती. फाइल लहान होते, आणि रिकाम्या जागेत ऐकण्यासारखं काही नसतं. मी आप्पांना तसं सांगितलं.

ते रागावले नाहीत. छापखान्यात असताना तुझं म्हणून तीच रिकामी जागा होती माझ्याकडं, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "उद्या काकीबरोबर वर जातो. ट्रंक खाली आनतो. पुन्यांदा कर. ह्या खेपेला कात्री लावू नको."

पाऊस संपल्यावर जा, मी म्हटलं. पाऊस उघडलाय, ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी पुरानंतर जुन्या बाजारातून आणलेला दुकानातला टेप काढला, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून त्याचं हेड पुसलं, बटणं दाबून पाहिली. काकीने तांदळाच्या भाकऱ्या केल्या. आप्पांनी तिच्या अर्ध्या राहिलेल्या पिक्चरचा शेवट सांगून टाकला आणि तिने त्यांना उलथणं दाखवलं. सकाळी एसटी स्टँडवर मी त्यांना म्हटलं, छत्री घेतलीत ना. त्यांनी ती वर करून दाखवली.

माझी गाडी पुण्याच्या वाटेला लागली तेव्हाच आभाळ खाली आलं होतं. दुपारनंतर पावसाने थांबायचं नावच घेतलं नाही. संध्याकाळी शेजारच्या सोनालीचा फोन आला. नगरपालिकेचा भोंगा झाला होता, सावित्रीचं पाणी दासगावच्या बाजूने पसरायला लागलं होतं, बाजारपेठेत लोक माल वर चढवत होते. आमच्या दुकानाचं काय करू, तिने विचारलं.

मी म्हटलं, राहू दे. दुकानात आता बुडण्यासारखं काही नाही. आप्पा वर आहेत.

फोन ठेवल्यावर मला फार हलकं वाटलं होतं. ते वर आहेत, हे मी स्वतःशी पुन्हा म्हणाले. त्यांचा फोन लागत नव्हता. वर कधीच लागत नसे, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. मी जेवले, पुस्तक वाचलं, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुराच्या बातम्या बघायला फोन उघडला तेव्हा पुराच्या बातमीच्या खाली, बारीक अक्षरात, वरकोंडचं नाव होतं.

बाकीचं कमी शब्दांत सांगते. डोंगराचा तुकडा सुटून घरांवर आला होता. माणसं आदल्या संध्याकाळीच खालच्या शाळेत गेली होती, म्हणून वाचली. सगळी, एक सोडून. यंत्रं वर पोहोचायलाच वेळ लागला, कारण रस्ताही गेला होता. आमचं घर जिथे होतं तिथे ओल्या तांबड्या मातीचा उतार होता. त्यावर एका ठिकाणी फणसाचं झाड उभंच्या उभं सरकून आलं होतं, पानांसकट, जणू तिथेच वाढलेलं. काही दिवसांनी शोध थांबवला. आप्पा सापडले नाहीत.

मी पुण्याला परत आले. दिवसभर कामावर असे आणि रात्री त्या फाइली ऐके. आईची, ठमाकाकीच्या नवऱ्याची म्हणजे गोमाजीकाकांची, वाडीतल्या कुणाकुणाची. सगळ्यांत मधेमधे, पुसायचा राहून गेलेला, आप्पांचा आवाजही होता, मी श्रीपत बोलतो, असा तरुण, घाईतला. मग एका सकाळी ॲपने पुन्हा ओळख मागितली. नोंदवलेल्या नंबरवर पाठवलेला कोड टाका.

तो नंबर आप्पांचा. मी बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं, कोड पाठवला आहे. त्या तांबड्या उताराखाली कुठेतरी तो जात असणार, असं मला वाटलं. फोन केव्हाच बंद पडला असणार हे कळत होतं. तरीही मी पुन्हा दाबलं. पाठवला आहे. दर वेळी तेच उत्तर, दर वेळी तितक्याच खात्रीने.

दुसरं सिम काढायला मृत्यूचा दाखला हवा होता, आणि दाखल्याला माणूस सापडायला हवा होता. सापडला नाही तर काय करायचं त्याची वेगळी वाट होती, लांबची. मी तिच्यावरून चालत राहिले. कंपनीला लिहिलं. उत्तर यंत्रानेच दिलं: खातं सुरक्षित आहे. ते खरंच होतं. माझ्यापासूनही सुरक्षित.

शिमग्याच्या सुमारास एकदा मी सवयीने आप्पांचा नंबर लावला आणि पलीकडे रिंग वाजली. मी उभी राहिले. कुणीतरी उचललं.

"बोला," तो आवाज म्हणाला.

"आप्पा?"

"कोण आप्पा? हा माझा नंबर आहे. परवाच घेतलाय."

मागे लहान मूल रडत होतं, कुकर वाजत होता. मी माफ करा म्हटलं आणि ठेवला. त्या माणसाने नाव सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

जूनमध्ये दुकान रिकामं करून द्यायचं ठरलं, म्हणून मी महाडला गेले. पावसाला अजून सुरुवात व्हायची होती, पण डोंगरांवर ढग बसले होते आणि उकाडा असह्य होता. मागल्या पुराचं पाणी दुकानाच्या पायरीवरूनच परतलं होतं. मी टेप पिशवीत भरत होते तेव्हा दारात ठमाकाकी उभी राहिली.

वरकोंडच्या लोकांना खाली रस्त्याला लागून पत्र्याचे कंटेनर दिले होते, त्यांतल्या एकात ती राहायची. वर्षभरात मी दोनदा तिकडे गेले आणि दोन्ही वेळा ती घरात नाही असं मला सांगण्यात आलं. आता ती आली, स्टुलावर बसली, आणि भिंतीवरच्या रेघेकडे बघत राहिली.

"माझ्याकडं तुझी वस्तू हाय," ती म्हणाली.

कंबरेच्या पिशवीतून तिने दुधाची रिकामी पिशवी काढली, तिच्यातून आणखी एक, आणि त्यातून कॅसेट. कडेचा तुकडा मोडलेला. वर आप्पांच्या अक्षरात नुसतं, तुळसा व दर्शना.

मग तिने सांगितलं. ते वर गेले त्या संध्याकाळी झऱ्याला पाणी आलं होतं, पण जुन्या जागी नाही. घराच्या जोत्याखालून, लाल. काकीने वाडीत ओरडून सगळ्यांना शाळेत चला म्हटलं. आप्पाही निघाले. अर्ध्या उतारावर येऊन त्यांनी सदऱ्याच्या आतून ही कॅसेट काढली आणि तिच्या हातात दिली. ही तू धर, दर्शनाची हाय, भिजू देऊ नको. आणि ट्रंकेसाठी माघारी वळले. लोकांचे आवाज हायत त्यात, म्हणाले.

"मी आडवलं नाय," काकी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी काय बोलले सांगू तुला? मी म्हटलं, गोमाजीची पन आसंल बघ त्यात. तेवढी कोरडी आन. तो हसला गो. म्हनला, तुझा नवरा वर ठेवून येईन काय."

बाहेर एक रिक्षा थांबून निघून गेली.

"काकी, त्यात सगळ्यांच्या होत्या," मी म्हटलं. "तुम्ही बोलला नसतात तरी ते गेले असते."

"तू म्हनतेस."

"मी त्यांना ओळखते."

तिने पदराने तोंड पुसलं. मी टेप पिशवीतून परत काढला आणि प्लग लावला. आप्पांनी पुसून ठेवलेलं हेड वर्षभरात धुळीने भरलं नव्हतं. मी कॅसेट घातली. काकीने लाल बटणाकडे बोट केलं.

"त्याच्यात भरायचं हाय काय?"

तुकडा मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की भरता येतं. आप्पांनीच ते मला लहानपणी दाखवलं होतं. मी बोलले असते तर ते तिथे राहिलं असतं, आईच्या दोन वाक्यांच्या मधे, आणि त्याखालची गप्प मुलगी पुसली गेली असती.

"नाही," मी म्हटलं, "नुसतं ऐकायचंय."

टेप चालू केला आणि तेवढ्यात बाहेर भोंगा वाजायला लागला. पावसाआधीची चाचणी होती, सकाळी रिक्षातून तसं सांगत फिरले होते, तरी रस्त्यावरची माणसं क्षणभर थांबून नदीच्या दिशेने बघायला लागली. काकी मात्र उलट्या बाजूला, पोलादपूरकडच्या डोंगरांकडे बघत होती. ते ढगात होते. आवाज गल्लीत भरून राहिला आणि हळूहळू उतरत बंद पडला. मी टेप मागे नेला.

आई आली, सळसळीतून, नाव सांगत. भाताचं सांगितलं, पाडसाचं, छपराचं. काकी ओठ हलवत तिच्याबरोबर बोलत होती, तिला ते पाठ असावं.

"दर्शनाला घेते हितं," आई म्हणाली. "बोल गो. म्हन, आप्पा, घरी ये."

आणि ती जागा आली. आप्पा म्हणाले होते तशीच, लांबच लांब. दूरवर एक कोंबडी. पत्र्यावर काहीतरी थेंबथेंब पडत होतं. मग अगदी जवळ, चोंदलेल्या नाकातून येणारा एका लहान मुलीचा श्वास. आई वाट बघत होती. तिने पुष्कळ वाट बघितली होती.

मी टेपच्या जवळ वाकले.

"मी दर्शना बोलते," मी म्हणाले. "आप्पा, घरी ये."